कानावरची खूण

सोलापूरच्या एसटी स्टँडवर, एप्रिल महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी, अंकिताने आपल्या सख्ख्या बापाला ओळख दिली नाही. आणि तिची प्रेमकथा नेमकी तिथूनच सुरू झाली. अशी सुरुवात काही शोभणारी नाही, हे कबूल. पण झालं ते तसंच झालं, खोटं कशाला सांगू.

अंकिता एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनी पुण्याची, तिचं ऑफिस सोलापुरात, आणि काम म्हणजे इथल्या कारखान्यांना कॉम्प्युटरची नवी यंत्रणा विकायची, बसवायची नि शिकवायची. त्या दिवशी पुण्याहून तिचे वरिष्ठ इंद्रजीत सर आले होते आणि ती गाडी घेऊन त्यांना न्यायला गेली होती. कडक इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला लॅपटॉप. सरांची बॅग गाडीत ठेवतेय तोच शेजारच्या फलाटाला सांगोल्याची गाडी लागली. दारातून आधी एक काठी उतरली. मग लाल पागोटं. मग काखेत घडी केलेली काळीभोर घोंगडी. अंकिताने लगेच ओळखलं. आबा.

बिरदेव आबांची सांगोल्याकडच्या माळावर सव्वाशे मेंढरं होती. त्या मेंढरांवरच अंकिता शिकली. पण ऑफिसात कुणी विचारलं की ती 'आमची शेती आहे' एवढंच सांगायची. एकदा तर डाळिंबाची बागही सांगून मोकळी झाली होती.

लेक दिसली तसा आबांचा चेहरा फुलला. ते दोन पावलं पुढे आले. सरांनी कपाळाला आठी घालून विचारलं, "कोण? ओळखीचे आहेत?"

"गावाकडचे... ओळखीचे आहेत," अंकिता म्हणाली.

आबांना ते ऐकू गेलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पाय मात्र थांबले. ती घाईघाईने जवळ गेली आणि कामात आहे, नंतर फोन करते, असं पुटपुटली. आबा म्हणाले, "जा बाय, जा." एवढंच. राग नाही, काही नाही. मग ते घोंगडी सावरत बाकाकडे वळले.

गाडी वळताना तिने आरशात पाहिलं. बाकावर निळ्या शर्टातला एक तरुण बसला होता, मांडीवर कसलं तरी जड पार्सल. त्याने सरकून आबांना जागा करून दिली आणि पाण्याची बाटली पुढे केली. आपण हे काय केलं, हा विचार तिने मनातच दाबून टाकला, आणि तो काही दबला नाही.

दोन तासांनी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात, तोच निळा शर्ट तिच्यासमोर उभा राहिला.

अमरेश तिथला उत्पादन विभागाचा प्रमुख होता. अक्कलकोटच्या बाजूचा, घरी कानडी बोलणारा. मराठी फर्डं, पण मोजायला लागला की आपोआप 'ओंदु, एरडु, मूरु' सुरू. त्या सकाळी तो पार्सलने आलेला मागाचा सुटा भाग सोडवून आणायला स्टँडवर गेला होता. त्याने आपल्याला पाहिलं का? अंकिताने चोरून त्याच्याकडे बघितलं. त्याने नमस्कार केला, हसला, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू दिलं नाही.

कारखान्याचे मालक वीरभद्रप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, टेबलाच्या टोकाला बसले होते. अंकिताने पडद्यावर पहिलं पान लावलं: 'तंत्रज्ञानावरचा खर्च धंद्याच्या उद्दिष्टाशी जुळवा.' मग तासभर ती बोलत राहिली. सात स्क्रीन, चार स्कॅनर, प्रत्येक ताक्याला बारकोडचं स्टिकर. मागावरून कापडाचा ताका उतरला की स्टिकर, आणि मग माल कुठे आहे ते अप्पांना मोबाइलवर दिसणार. अप्पा खूश. सर खूश. तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रश्न आला.

"मॅडम, हे सगळं... कशासाठी?"

अमरेशच्या आवाजात खोच नव्हती, खरंच विचारत होता. पण अंकिताचे कान तापले. पारदर्शकता, कार्यक्षमता, वाढ असे चार शब्द तिने पडद्यावरून वाचून दाखवले. तो "बरं" म्हणाला आणि खाली बसला. त्या 'बरं'चा तिला दोन दिवस राग होता.

राग दोनच दिवस टिकला, ही खरी पंचाईत. कारण पुढचे काही आठवडे तिला रोज त्याच माणसाबरोबर मागांच्या खडखडाटात हिंडायचं होतं. तिथे बोलायचं तर कानाशी ओरडावं लागे, नाहीतर खुणा कराव्या लागत. अमरेशला खुणांची सवय होती. चहा म्हणजे अंगठा ओठाला. अप्पा आले म्हणजे पोटावरून गोल हात. एकदा त्याने तिच्याकडे बघून स्वतःच्याच केसांना, उजव्या कानाच्या वर, दोन बोटं लावली. तिला कळेना. ती डावीकडे चाचपू लागली. त्याने मान हलवली, पुन्हा दाखवलं... उजवीकडे, जरा वर. केसांतून कापसाची तूस निघाली, पांढरी, मऊ. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती म्हणाली, "सांगायचं की सरळ, तूस आहे म्हणून."

"सांगितलं असतं. पण शोधताना तुम्ही जरा कमी रागावलेल्या दिसता की."

"मी रागावलेली असते?"

"ओंदु, एरडु, मूरु..." तो बोटं मोजू लागला. "आज सकाळपासून तीनदाच. कालपेक्षा बरंय."

अंकिता हसली. मग आपण हसलो म्हणून गडबडली, आणि लॅपटॉप उघडून बंदच असलेल्या पडद्याकडे बघत बसली. ज्याच्यासमोर आपण आरशासारखं स्वच्छ असावं वाटतं, त्यानेच आपल्याला त्या सकाळी पाहिलेलं असेल तर? ही धास्ती तिला गोड क्षणीच नेमकी आठवायची. आबांना तिने फोन केला होता. आबा म्हणाले, समदं बरं हाय, काळजी करू नगंस. घोंगडीचं नाव त्यांनी काढलं नाही, तिनेही नाही.

कारखान्यात रंभाबाई नावाच्या एक जुन्या बाई होत्या. मागावरून ताका उतरला की त्याच्या कोपऱ्याला त्या सुईने रंगीत टाके घालत. हिरवे दोन, लाल एक, कधी पिवळा. कोणता माग, कोणतं सूत, कोणता दिवस, सगळं त्या टाक्यांत. अंकिताने ते पाहिलं आणि थांबवायला सांगितलं. दोन पद्धती ठेवल्या की माणसं जुनीच वापरतात, असं तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. अमरेश म्हणाला, महिनाभर दोन्ही चालू द्या की. तिने नाही म्हटलं. त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि ऐकलं. उत्पादन विभागाच्या प्रमुखाने इतक्या लवकर ऐकायला नको होतं, पण समोर अंकिता होती नि तिच्या केसांत पुन्हा तूस होती. रंभाबाईंनी सुई पदराला टोचून ठेवली.

पहिले पंधरा दिवस सगळं झकास चाललं. गोदामातल्या तयार मालाला स्टिकर लागले, स्कॅनर टुक टुक वाजले, अप्पांनी पेढे वाटले. मग मागावरचे ताजे ताके धुलाईला आणि रंगाला गेले. आता टॉवेलचं कापड विणलं की उकळत्या पाण्यात धुतात, मग रंगवतात, हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या अंकिताला. तिने पाहणी केली होती ती ऑफिसात बसून, टेबलावर ठेवलेल्या तयार टॉवेलावर. धुलाईच्या खोलीत ती एकदाही गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हौदाच्या तळाशी कागदाचा लगदा साचला होता. ताके बाहेर आले ते उघडेबोडके. रंग वेगवेगळा धरणाऱ्या दोन सुतांचा माल एकत्र शिवला गेला, आणि एका मोठ्या हॉटेलचे निळे टॉवेल आठवड्यात परत आले. एकाच खोलीतले दोन टॉवेल दोन निळे.

इंद्रजीत सरांचा फोन आला. त्यांनी शांतपणे सांगितलं की अहवाल आजच पाठव. यंत्रणा ठीक आहे, वापरणाऱ्यांनी हलगर्जी केली, असं लिही. अंकिता म्हणाली, पण सर... सर म्हणाले, तुला बढतीवर पुण्याला यायचंय ना? तिने लिहिलं. 'स्टिकर नीट चिकटवले गेले नाहीत. उत्पादन विभागाचे दुर्लक्ष.' बटण दाबताना तिचं बोट जराही अडखळलं नाही, आणि याचीच तिला नंतर सर्वांत जास्त लाज वाटली. दुर्लक्ष कुणाचं, हे अप्पांना उद्या बैठकीत वाचून दाखवलं जाणार होतं. अमरेशची नोकरी त्या एका ओळीवर टांगली गेली होती आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

त्या दुपारी तोच तिच्यासाठी चहा घेऊन आला. व्हरांड्याबाहेर ऊन भाजत होतं. ती एकटीच तोंड पाडून बसलेली. त्याने कप पुढे केला आणि तिच्या शेजारी नाही, एक हात सोडून बसला.

"एक सांगू? मागं स्टँडवर मला एक मेंढपाळ आजोबा भेटले होते."

अंकिताने हातातला कप खाली ठेवला.

तो कठड्याकडे बघत सांगत राहिला. आजोबांनी ओळखीच्या कुणा पोरीसाठी घोंगडी आणली होती, कोकरांच्या पहिल्या कातरणीची, मऊसूत. पोरगी कामात होती म्हणे. मग वेळ होता म्हणून याने विचारलं, एवढ्या कळपांत आपलं मेंढरू कसं ओळखता? "ते काय म्हणाले माहितीये? म्हणाले, लोकरीवर रंग लावत्यात काही जण, पर त्यो कातरणीत लोकरीसंगट जातोय. कानावरची खूण चीर दिऊन केल्याली, ती कुटं जात न्हाय." अमरेश थांबला. "त्या दिवशी हौदात तो लगदा पाहिला तेव्हा मला तेच आठवलं. रंभाबाईंचा दोरा पॉलिस्टरचा असतो. पाण्यात जात नाही, रंगही धरत नाही. कानावरची खूणच की ती. मला आधीच सुचायला हवं होतं."

म्हणजे चूक तो स्वतःच्या माथी घेत होता. अंकिताला वाटलं, जमीन दुभंगावी. कातरणीच्या दिवशी लहानपणी तीच आबांच्या शेजारी बसून मेंढरांचे कान धरायची. रंग लोकरीबरोबर जातो, हे तिला शाळेच्या आधी ठाऊक होतं. साऱ्या कारखान्यात ही चूक जिने करायला नको होती ती एकटी तीच होती. ते सगळं ती इतकं दूर लोटून आली होती, की जे शिकली होती तेही त्याच्याबरोबर गेलं. आबा परक्या माणसाला जे सांगून गेले, ते तिला सांगायला तिने त्यांना दोन मिनिटंही दिली नव्हती.

'ते माझे वडील आहेत,' हे शब्द जिभेवर आले. आले... आणि तिथंच राहिले. अमरेशने वाट पाहिली, मग कप उचलून तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या खोलीत अहवाल पडद्यावर लागला. सर पुण्याहून कॅमेऱ्यावर. 'उत्पादन विभागाचे दुर्लक्ष' ही ओळ आली तशी अमरेशने मान वर केली. त्याने सरांकडे नाही पाहिलं, अंकिताकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर तिने सोसलं असतं. अप्पांनी चष्मा काढला आणि त्याला विचारलं, "अमरेश, काय म्हणणं आहे?"

"ते नाही, मी सांगते," अंकिता उठून उभी राहिली. "ही ओळ खोटी आहे, अप्पा. मीच लिहिलीय. धुलाईची खोली मी बघितलीच नाही. रंभाबाईंचे टाके मी बंद पाडले. अमरेशनी दोन्ही ठेवा म्हटलं होतं, मी ऐकलं नाही."

कॅमेऱ्यावरून सर तिचं नाव घेऊन दटावत होते. ती थांबली नाही. अप्पा म्हणाले, "पोरी, तुझ्या पहिल्या पानावर काय लिहिलं होतं? धंद्याच्या उद्दिष्टाशी जुळवा. माझं उद्दिष्ट काय, ते मला कधी विचारलंस?"

"नाही, अप्पा."

"गेलेला माल परत येऊ नये. एवढंच. बाकी मला काही नको होतं."

मग अंकिता हळूहळू बोलू लागली, पडद्याकडे न बघता. सहा स्क्रीन परत घ्यायला मी स्वतः लिहून देते, म्हणाली. एक राहू द्या, शिलाईपाशी. ताक्याला रंभाबाईंचेच टाके, आणि त्या रंगांची यादी त्या एका स्क्रीनवर. शिवणाऱ्या बाईने टाक्यांचा रंग बघायचा, जुळला तरच पुढे. रंभाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराची सुई काढली आणि विचारलं, "मग आजपास्नं घालू का?" अप्पांनी मान डोलावली.

अंकिताची नोकरी दुपारपर्यंत गेली. सामान फारसं नव्हतंच. ती फाटकाजवळ रिक्षाची वाट बघत उभी होती तेव्हा अमरेश आला. तिने त्याच्या चपलांकडे बघत सांगितलं, माफ करा म्हणायचीही माझी लायकी नाही, आणि अजून एक आहे. "स्टँडवरचे ते आजोबा... ते माझे वडील. ती ओळखीची पोरगी मीच."

"माहितीये," तो म्हणाला.

तिने झटकन वर पाहिलं.

"मी बाकावरच होतो की. त्यांना विचारलं, ही पोरगी तुमची कोण? म्हणाले, वळखीची हाय, लई मोठ्या कामावर हाय. आणि तोंड वळवून डोळे पुसले." अमरेशने खाली पाहिलं. "काल मी मुद्दाम विषय काढला. तुम्ही सांगाल म्हणून. ते चुकलंच माझं, सरळ विचारायला हवं होतं. आडून माणसाची परीक्षा घेऊ नये."

अंकिता रडली. उन्हात, फाटकाशी, येणारे-जाणारे बघत असताना. आबांनी आपल्यासाठी खोटं सांगितलं, आपलंच खोटं, आपलेच शब्द... हे तिला सहन होईना. अमरेश तिच्या आणि उन्हाच्या मध्ये उभा राहिला, सावली पडेल असा.

मग तो म्हणाला, "आता कंपनी नाही म्हणजे मॅडम म्हणायचं कारण उरलं नाही."

"मग काय म्हणणार?"

"अंकिता. चालेल?"

"...कशासाठी?" तिने नाक पुसत विचारलं.

"ते मला पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही," तो म्हणाला, "म्हणून शोधतोय."

रविवारी तिने आबांना बोलावलं. फोनवर आबा कचरत होते. तुझं सायब असतील की, म्हणाले. ती म्हणाली, कुणी असू द्या, या, आणि घोंगडी घिऊन या. अमरेश तिच्याबरोबर स्टँडवर आला होता. पांढरा शर्ट, तिच्या कुर्त्याहून कडक इस्त्री.

सांगोल्याची गाडी लागली. काठी उतरली, पागोटं उतरलं, घोंगडी उतरली. आबांनी लेकीला पाहिलं. मग तिच्या बाजूला उभा असलेला इस्त्रीचा शर्ट पाहिला, आणि त्यांची नजर अलगद बाजूला झाली. इथे आपलं कुणीच नाही अशा चालीने ते तिच्यासमोरून सरळ पाण्याच्या नळाकडे निघाले. एकदाच शिकवलेला धडा त्यांनी पाठ केला होता.

"आबा," अंकिताने हाक मारली, अशी की दोन फलाट वळून बघायला लागले. "आबा, कुटं निगालाय? मी हितं हाय की."

धावत जाऊन ती त्यांच्या पायांशी वाकली. टाचांना भेगा, बोटांत माळाची धूळ. आबा म्हणत होते, अगं बाय, लोकं बघत्यात. तिने त्यांच्या काखेतली घोंगडी ओढून घेतली आणि मेच्या त्या रखरखीत उन्हात खांद्यावर टाकली. बाकावरच्या एका बाईने सरकत विचारलं, "ओळखीचे का गं?"

"वडील हायत माझे," अंकिता म्हणाली.

आबांचा हात नुसताच तिच्या डोक्यावर राहिला. तेवढ्यात त्यांचं लक्ष अमरेशकडे गेलं. "ह्ये पाण्याच्या बाटलीवालं न्हवं?" त्यांनी ओळखलं. मग एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे बघत त्यांनी विचारलं, "ह्ये तुझं कोण?"

अमरेशच्या डोळ्यांत मिश्कील चमक आली. तो हळूच म्हणाला, "सांगा की... ओळखीचा म्हणा."

अंकिताने घोंगडीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. चेहरा लाल झाला होता. ऊन होतं हे खरं, पण सगळं उन्हाचं नव्हतं. "न्हाय, आबा," ती म्हणाली. "वळखीचं न्हाईत. लग्नाचं इच्यारायला आल्यात... म्हंजी अजून इच्यारलं न्हाय. पर मी व्हय म्हननार हाय."

'कशासाठी' विचारणारा अमरेश त्या दिवशी वाकून आबांच्या पाया पडला. आबा त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग बाकावर बसून, जरा सरकून त्यांनी त्याला जागा करून दिली.